फादर दिब्रिटो स्मृती कपाट : कामाच्या नोंदी

२५ जुलै २०२५, शुक्रवार

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना जाऊन आज एक वर्ष झाले. सकाळच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) आमच्या फादरांनी त्यांचे नाव घेऊन प्रार्थना केली आणि प्रवचनाच्या शेवटी त्यांच्याविषयी थोडे सांगितले. पण खानापूर तालुक्यातला जुलैचा पाऊस चर्चच्या पत्र्यावर असा कोसळत होता, की मागच्या चार बाकांपर्यंत त्यातले काही पोहोचले नसावे. मिस्सेनंतर पडवीत पाऊस ओसरण्याची वाट पाहत उभे असताना नुकताच पदवीधर झालेला एक मुलगा मला म्हणाला, "टीचर, हे फादर कोण? आपल्या पॅरिशमध्ये कधी होते?"

प्रश्न सरळ होता, पण त्याचे सरळ उत्तर मला देता आले नाही, कारण ते आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, कधीच नव्हते. ते वसईजवळच्या नंदाखालचे. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढे उभे राहिले, बायबल त्यांनी आजच्या मराठीत आणले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कशाला, असे म्हणणारेही निघाले होते. हे सगळे मी त्याला सांगितले आणि त्याने आदराने मान डोलावली. पण या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, हे त्याला माझ्याकडून कळले नाही. घरी येताना वाटेत उत्तर सुचले. ते आमच्याकडे टपालाने येत असत.

३ ऑगस्ट, रविवार

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत फादर दिब्रिटो यांच्या स्मृतीसाठी काय करावे, हा विषय आला. चर्चच्या पडवीत संगमरवरी फलक बसवावा, अशी पहिली सूचना होती आणि तिला बहुतेकांचा होकारही होता. मात्र फलकावर काय लिहायचे हे ठरवण्याआधी कोणत्या भाषेत लिहायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि बैठकीचा पाऊण तास त्यात गेला. मराठी संपादकाचे नाव मराठीत हवे, असे एकाचे म्हणणे. पॅरिशमध्ये कन्नड मिस्सेलाही लोक येतात, त्यांनी काय वाचायचे, असे दुसऱ्याचे. घरी आपण सारे कोंकणी बोलतो तर कोंकणी का नको, असे तिसऱ्याचे, आणि कोंकणी म्हटल्यावर ती देवनागरीत की रोमी लिपीत, हा चौथा फाटा. कोणीतरी साठ टक्के कन्नडचा नियम काढला, कोणीतरी तो दुकाने आणि आस्थापनांच्या पाट्यांसाठी आहे, चर्चच्या आतल्या भिंतीसाठी नाही, असे उत्तर दिले. बेळगाव जिल्ह्यात पाटी आणि भाषा हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढे काय होते, ते येथे जन्मलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

चहा घेऊन आलेले मिरणेल मामा हे सारे ऐकत दारात उभे होते. ते कौन्सिलचे सदस्य नाहीत, पण चर्चची किल्ली त्यांच्याकडे असते आणि मतही. ते म्हणाले, "फलक वाचायला कोण थांबतंय? आमच्या माळ्यावर त्यांच्या अंकांचा गठ्ठा पडून आहे. तो वाचायला द्या की कोणाला तरी."

ठराव त्यावरच झाला. धर्मशिक्षणाच्या वर्गखोलीत एक कपाट ठेवायचे, घरोघरी पडून असलेले 'सुवार्ता'चे जुने अंक मागून घ्यायचे, त्यांची सूची करायची आणि फादर दिब्रिटो यांच्या जन्मदिनी, म्हणजे ४ डिसेंबरला, कपाट वाचकांना खुले करायचे. मी मराठी शाळेत तीस वर्षे काढली असल्यामुळे जबाबदारी माझ्याकडे आली. मदतीला दोघे मिळाले: इंग्रजी माध्यमातून पी.यू.सी.ला (अकरावी-बारावीला) गेलेला एक मुलगा आणि कन्नड माध्यमात नववीत असलेली एक मुलगी. मुलगा हिंदीमुळे देवनागरी वाचतो. मुलीला मराठी तिच्या आजीने शिकवले आहे, तेही प्रार्थनेच्या पुस्तकावरून.

१० ऑगस्ट, रविवार

दोन्ही मिस्सांत सूचना वाचून दाखवली, एकदा कोंकणीत आणि एकदा मराठीत. अंक परत हवे असतील तर तसे लिहून घेण्यासाठी वेगळे रजिस्टर केले आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

नऊ पिशव्या आल्या आणि त्यांत मागितले नव्हते असे बरेच काही निघाले. नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) पुस्तिका, जुनी कॅलेंडरे, मृतांच्या फोटोंची स्मृतिपत्रे, विमा कंपनीची १९९१ची डायरी आणि एका पिशवीत तळाशी झेंडूच्या बिया. 'सुवार्ता'चे अंक मोजून एक्केचाळीस भरले. मासिक म्हटल्यावर चोवीस-पंचवीस वर्षांचे तीनशेच्या आसपास अंक व्हायला हवेत. म्हणजे अजून बराच पल्ला आहे.

'निरोप्या' या ख्रिस्ती मासिकाचेही काही अंक आले. ते वेगळे ठेवले असले, तरी दोन्ही मुलांना त्यामागची परंपरा सांगितली. हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय मिशनऱ्याने १९०३ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या केंदळ या खेड्यातून ते सुरू केले आणि पुढे डोरिंग पुण्याचे बिशप झाले. प्रॉटेस्टंट मंडळींचा 'ज्ञानोदय' तर १८४२ चा आहे. मराठीतली ख्रिस्ती पत्रकारिता अशी जुनी आहे, आणि फादर दिब्रिटो त्या ओळीत उशिरा आलेले. त्यांनी केलेला बदल वेगळा होता: घरातल्या माणसांसाठी काढलेल्या मासिकाचा दरवाजा त्यांनी रस्त्याकडे उघडला, आणि ख्रिस्ती नसलेले लेखक व वाचकही त्यातून आत आले.

तीन पिशव्यांत गोव्याचे 'वावराड्यांचो इश्ट' निघाले. १९३३ पासूनचे हे साप्ताहिक कोंकणीत आणि रोमी लिपीत असते. ते परत करावे, कारण आपला विषय मराठीचा आहे, असे मुलाचे म्हणणे पडले. मला तसे वाटले नाही. आमच्या आया कोंकणीत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणत आणि आम्ही शाळेत मराठी कविता पाठ करत असू. पोटातली भाषा एक आणि पाटीवरची दुसरी, हे येथे कोणाला वावगे वाटत नसे. नंदाखालचा मुलूखही सामवेदी बोलीचाच आहे. घरच्या बोलीतून प्रमाण मराठीत आलेल्या संपादकाच्या कपाटात एक खण कोंकणीचा असला, तर काय बिघडणार आहे? तळचा खण त्यासाठी ठेवला.

२४ ऑगस्ट, रविवार

आज एक चूक झाली आणि ती माझीच आहे. जांबोटीकडच्या एका घरातून आलेले तेरा अंक ओलसर होते, पानांना पांढरी बुरशी होती. दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून मी ते चर्चच्या अंगणात उन्हात पसरले, पापड वाळवावेत तसे. संध्याकाळी पाहते तो मुखपृष्ठे वाकून पन्हाळीसारखी झाली होती, आणि आतला स्वस्त कागद इतका कडक झाला होता की एका अंकाचे कोपऱ्यातले पान उलटताना बोटात तुटून आले. ओला कागद सावलीत, वाऱ्यावर, पानापानांत कोरा टिपकागद घालून वाळवायचा असतो. वर्तमानपत्र घातले तर त्याची शाई उमटते. हे मला माहीत नव्हते असे नाही. ऊन पाहून हुरळले, एवढेच.

बाकीच्या अंकांना आता हीच पद्धत. गंजलेल्या पिना बोथट सुरीने काढायच्या आणि त्या जागी दोरा घालायचा. चिकटपट्टी कोणीही, कुठेही लावायची नाही. जुन्या घरांतून आलेल्या अंकांवरच्या पट्ट्या पिवळ्या पडून अक्षरे घेऊनच सुटत आहेत. फाटलेल्या जागी पातळ टिश्यू कागद आणि मोरचूद घातलेली खळ.

८ सप्टेंबर, सोमवार

आज मोंती सायबिणीचे फेस्त, म्हणजे मरियेच्या जन्माचा सण. नवी कणसे आशीर्वादित करून घरी नेली. काम काही झाले नाही, मात्र मिस्सेनंतर एका आजींनी मला थांबवून सांगितले की त्यांच्या यजमानांचे 'सुवार्ता'चे अंक एका ट्रंकेत आहेत आणि ती ट्रंक दोन माणसांनी उचलावी लागेल.

१४ सप्टेंबर, रविवार

आजींच्या घरी गेलो. त्यांचे यजमान प्राथमिक शिक्षक होते आणि पॅरिशमध्ये धर्मशिक्षणही देत. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढून काढली, तेव्हा वेखंडाचा वास खोलीभर पसरला. डांबराच्या गोळ्यांऐवजी आजी दर वर्षी वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवत आल्या आहेत. एकाही अंकाला कसर लागलेली नाही. मी कौतुक केले तेव्हा आजी म्हणाल्या, "हीं तांचीं पुस्तकां, बाये. हांवें फकत धुल्ल पुसली."

अंक वर्षावार सुतळीने बांधलेले आहेत आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्या वर्षीच्या वर्गणीच्या मनीऑर्डरची पावती आहे. पावतीवर मास्तरांच्या वळणदार अक्षरात स्वतःचा पत्ता आहे: गाव, पोस्ट, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव आणि पिन कोड. राज्याचे नाव एकाही पावतीवर नाही. विसरले म्हणावे तर अठरा वर्षे सलग कोणी विसरत नाही. पिन कोडावर टपाल बरोबर पोहोचत होते, आणि मास्तरांनी त्यापलीकडचा वाद पोस्टमनवर टाकला नाही.

पण खरा ऐवज आत आहे. मास्तर हातात पेन्सिल घेऊन वाचत. ओळीखाली रेघ क्वचितच. ते समासात लिहीत, आणि एक-दोन शब्दांपेक्षा अधिक नाही. कुठे 'रविवारी सांगणे', कुठे 'फादरांना दाखवणे', कुठे नुसते एखाद्या घराचे नाव. म्हणजे त्या महिन्यात तो मजकूर कोणत्या घरी वाचून दाखवायचा, याची ती टिपणे असावीत. एका पानावर वसईच्या पाण्याविषयी मजकूर आहे. विहिरींतून टँकर भरून पाणी बाहेर जाते, बागायत सुकते, हे त्या काळात फादर दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी सतत मांडत होते. त्याच्या शेजारी उजव्या समासात मास्तरांनी एकच शब्द लिहिला आहे: 'मलप्रभा?'

मलप्रभा आमच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. कळसा नाल्याचे पाणी तिच्यात वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात किती वर्षे भांडण चालले आहे, हे येथे लहान मुलालाही माहीत आहे. वसईतला एक धर्मगुरू आपल्या गावच्या विहिरींविषयी लिहितो आणि कणकुंबीच्या अलीकडे राहणारा शिक्षक ते वाचून आपल्या नदीपुढे प्रश्नचिन्ह काढतो. पडवीतल्या त्या मुलाला जे उत्तर मला देता आले नव्हते, ते या समासात होते. उद्या त्याला बोलावून दाखवायचे ठरवले.

१५ सप्टेंबर, सोमवार

पडवीतला तो पदवीधर मुलगा नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला गेला आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

ट्रंकेतल्या १६४ अंकांची नोंद पूर्ण झाली. आधीचे धरून, दुबार प्रती वगळून, आता १८७ अंक आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार

सूचीला आज खरी सुरुवात झाली आणि पहिल्याच तासाला अडखळलो. मुलाने संगणकावर तक्ता केला होता: वर्ष, महिना, पान, शीर्षक, लेखक, आणि शेवटी दोन स्तंभ, 'धार्मिक' व 'सामाजिक', ज्यात लेख बसेल त्यात बरोबरची खूण करायची. पहिल्या दहा लेखांना जमले. मग एक संपादकीय आले, ज्याची सुरुवात बायबलमधल्या वचनाने होते आणि शेवट जमिनीच्या भावावर. मुलाने दोन्हीकडे खूण केली. पुढच्यालाही दोन्हीकडे, त्याच्या पुढच्यालाही. पाचव्या वेळी तो म्हणाला की हे दोन स्तंभ ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्याने ते काढून टाकले.

मला वाटते, या संपादकाविषयी आजवर ऐकलेल्या भाषणांपेक्षा हे अधिक नेमके आहे. पुष्कळ धार्मिक मासिकांत पहिली पंधरा पाने देवाची आणि शेवटची दोन जगाची असतात. येथे ती वाटणीच होत नाही. पाणी हा विषय प्रार्थनेचाही आहे आणि नगरपालिकेचाही. त्यांच्यावर टीका करणारेही नेमके याच जागी बोट ठेवत, की धर्मगुरूने वेदी सोडून रस्त्यावर का यावे. त्या टीकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही अंकांत आंदोलनाचा आवाज इतका मोठा झाला आहे की सणावाराचा साधा मजकूर कोपऱ्यात गेलेला दिसतो, आणि मास्तरांनीही अशा एका अंकावर 'नाताळचे काही नाही' असे लिहून ठेवले आहे.

दोन स्तंभांऐवजी आता विषयांची मोकळी यादी आहे. तीत शब्दांचा वेगळाच घोळ निघाला. वसईकडे धर्मग्राम म्हणतात, आम्ही पॅरिश. तिकडे सण, इकडे फेस्त. सूची आमच्या माणसांसाठी आहे, पण अंकांतला शब्द बदलणे बरोबर नाही. म्हणून जुन्या ग्रंथपालांची युक्ती वापरली: 'पॅरिश, पाहा धर्मग्राम', 'फेस्त, पाहा सण'. मुलीला हा खेळ फार आवडला. तिने कन्नड शब्दांचेही 'पाहा' करायला घेतले आहेत, आणि मी तिला थांबवलेले नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मुलगी सूचीसाठी जी वही वापरते, तिच्या शेवटच्या पानांवर तिने 'कळले नाही' असा मथळा घालून एक यादी केली आहे. कठीण शब्द, न समजलेली नावे, मास्तरांची समासातली टिपणे, सगळे एकत्र, अंक आणि पान क्रमांकासह. समासातले लेखन तक्त्यात कुठे घालायचे, असे तिने विचारले. ते छापील मजकुरात मोडत नाही, म्हणून सध्या राहू दे, असे मी सांगितले. या उत्तराचा मला पुढे पश्चात्ताप होणार होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

मुलाला सर्व अंक मोबाइलवर स्कॅन करून सर्वांसाठी खुले करायचे आहेत. त्याचा उत्साह मोडावा लागला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा किंवा हक्कधारकांचा अधिकार राहतो. फादर दिब्रिटो २०२४ मध्ये गेले, म्हणजे २०८४ अखेरपर्यंत. शिवाय अंकात इतर लेखक आहेत, छायाचित्रे आहेत. कोणाचेही लेखन परवानगीशिवाय पसरवणे, तेही एका संपादकाच्या नावाने चाललेल्या कामात, शोभणारे नाही. लेखांची सूची मात्र आपण आपली तयार केलेली आहे; ती कोणालाही देता येईल. अंक वाचायला माणसाने कपाटापाशी यावे.

तूर्त मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचे पान एवढेच छायाचित्र प्रत्येक अंकाचे काढून ठेवत आहोत.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या आधी ट्रंकेतले अंक बांधणीला दिले. शहरातल्या एका बाइंडरने वर्षाचा एक याप्रमाणे खंड करून देण्याचे कबूल केले आहे. कापडी पाठ, पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरात वर्ष. महिनाभर लागेल म्हणाला, मी नाताळची घाई सांगितल्यावर तीन आठवड्यांवर आला.

१ नोव्हेंबर, शनिवार

सर्व संतांचा सण. बांधणीचे काम पाहायला आज जायचे होते, पण एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिन, यांमुळे शहरातले रस्ते बंद असतात, म्हणून गेले नाही. गावातच मिस्सा ऐकली.

९ नोव्हेंबर, रविवार

खंड आले. दिसायला देखणे आहेत, कडा तलवारीसारख्या सरळ. त्या कडा पाहूनच माझ्या पोटात धस्स झाले.

बाइंडर खंड शिवून झाल्यावर तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो. पाने सारखी दिसावीत म्हणून ते करायचेच असते, आणि कोणत्याही बाइंडरला ते वेगळे सांगावे लागत नाही. वेगळे सांगायचे होते ते मी, की कटिंग मारू नका. सांगितले नाही. मास्तर समासात लिहीत असत आणि तो समास आता रद्दीत गेला आहे. पाण्यावरचे ते पान काढले. उजव्या कडेला पेन्सिलीने 'मल' एवढेच उरले आहे.

बाइंडरला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "बाई, अर्धा इंचच घेतला." अर्धा इंचच पुरेसा होता. कातरण त्याच आठवड्यात विकली गेली होती.

आजींना काय सांगायचे, हा विचार करत रात्र काढली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग उठून त्यांनी मला पेज वाढली. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

१६ नोव्हेंबर, रविवार

धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर मुलगी वही घेऊन आली आणि तिने शेवटची पाने उघडली. 'कळले नाही' ही यादी मी विसरूनच गेले होते. तिने मास्तरांची छप्पन्न टिपणे अंक, पान आणि जागेसह उतरवून घेतली आहेत, कारण तिला ती कळत नव्हती आणि न कळलेले लिहून ठेवायचे, अशी तिच्या आजीची शिकवण आहे. डावा समास की उजवा, हेही लिहिले आहे. सगळी टिपणे आली आहेत असे नाही. जे तिला वाचल्यावर कळले ते तिने उतरवले नाही. म्हणजे 'रविवारी सांगणे' एकदाच आहे आणि 'मलप्रभा?' आहे.

मी तिला त्या टिपणांसाठी तक्त्यात वेगळा भाग करायला सांगितले. तिने विचारले, "टीचर, लेखकाच्या जागी काय लिहू? मास्तरांचे नाव?" आजींना विचारले, तर त्यांना नाव छापलेले नको आहे. मुलाने सुचवले, 'वाचक' असे लिहावे. ते मान्य झाले.

२३ नोव्हेंबर, रविवार

ख्रिस्तराजाचा सण. मिरवणुकीनंतर चार जणांनी कपाट उचलून वर्गखोलीत आणले. जुने लोखंडी आहे. गंज घासून मिरणेल मामांनी राखाडी रंग दिला. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून ते भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर ठेवले.

३० नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. कपाटावरची पट्टी तयार झाली. 'फादर फ्रान्सिस दिब्रिटो स्मृती कपाट' ही ओळ मराठी, कन्नड आणि कोंकणीत, एकाच आकाराच्या अक्षरांत. कोंकणी देवनागरीत आहे. रोमीचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांनी तळच्या खणाला रोमीत वेगळी चिठ्ठी लावली आणि तेथे वाद मिटला. फलकावर पाऊण तास भांडलेली माणसे पट्टीवर दहा मिनिटांत एकमत झाली, याचे कारण बहुधा हेच, की या जवळजवळ चार महिन्यांत प्रत्येकाच्या घरचा एखादा तरी अंक कपाटात येऊन बसला होता.

कार्यक्रमात काय बोलायचे, याची तयारी करताना आमच्या फादरांनी एक गोष्ट दाखवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले: एक उपासनेविषयी, ज्यामुळे लॅटिन मिस्सेला लोकभाषेचा मार्ग मोकळा झाला, आणि दुसरा प्रसारमाध्यमांविषयी. दुसऱ्यातूनच पुढे १९६७ पासून दर वर्षी जागतिक संज्ञापन दिन पाळला जाऊ लागला. मराठी मिस्सा आणि मराठी धर्मपत्रकारिता यांना एकाच दिवशी बळ मिळाले, आणि ज्याने आयुष्यभर ती दोन्ही कामे केली त्या माणसाचा जन्मदिनही तोच. योगायोगाला योगायोगापेक्षा मोठे करू नये, हे मलाही कळते. तरी फादरांना हे बोलायला मी हरकत घेतली नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी साडेपाचला मिस्सा, मग कपाट उघडले. साठ-पासष्ट माणसे होती. भाषणे दोनच झाली, दोन्ही लहान. त्यानंतर मुलीने एक संपादकीय वाचून दाखवले. कन्नड शाळेतली मुलगी मराठी वाचताना जोडाक्षरांवर अंमळ थांबते, आणि त्यामुळे एरवी घाईत निसटणारे शब्द आज नीट ऐकू आले. मागच्या बाकांपर्यंत पोहोचले, पाऊसही नव्हता.

पुण्याहून आलेला तो पदवीधर मुलगा शेवटी कपाटापाशी आला. त्याला मी पाण्यावरचे पान दाखवले, 'मल' दाखवले, आणि वहीतला पूर्ण शब्द दाखवला. तो बराच वेळ ते पान वाचत उभा राहिला. त्याचे मामा कणकुंबीला शेती करतात, हे मला तेव्हा कळले.

आजी आल्या होत्या. खंडांच्या पाठीवरून त्यांनी पदराने हात फिरवला, धूळ नसतानाही.

७ डिसेंबर, रविवार

लोंढ्याहून आणखी एक पिशवी आली; तीत २२ अंक, त्यांतले नऊ आपल्याकडे नसलेले. आता एकूण १९६. हे बांधणीला द्यायचे नाहीत. दोरा घालून कापडी फितीत बांधून ठेवायचे.

वाचनाचे नियम कपाटाच्या दारावर लावले. मुलाने लिहून आणलेल्या मसुद्यात 'अंकांवर पेन्सिलीने अथवा पेनाने लिहू नये' असा नेहमीचा नियम होता. त्यातला 'पेन्सिलीने अथवा' हा भाग मुलीने खोडला होता. मूळ अंकांसाठी मी तो पुन्हा घातला आणि कपाटात एक कोरी वही ठेवली.

सूचीची पहिली प्रत आज छापून आली. समासातील टिपणांच्या भागात ३१व्या ओळीवर अशी नोंद आहे: 'मलप्रभा? पाहा पाणी, नदी. लेखक: वाचक. पेन्सिल, उजवा समास, कापलेला.'